नऊ इंच माती

२ जानेवारी २०२५

नवी वही. पहिल्या पानावर या दोन हातांनी केलेल्या वस्तू लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी विचारलं तर तोंडाने सांगत बसायला नको.

चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायचा स्टँड, जुन्या शिलाई मशीनच्या बिडाच्या पायांवर. अठरा वर्षांत केसभर हललेला नाही.
सायकलीचे कॅरिअर सहा, गजाचे. वेल्डिंग स्वतःचं.
सायकलीमागे जोडायची सामानाची गाडी. दोन पोती भात वाहिलं आहे.
मोजचाक. अठ्ठावीस इंची रिमचं, एका फेऱ्याला दोन मीटर एकवीस सेंटिमीटर, फेरा पुरा झाला की घंटी वाजते.
सिमेंटचे बाण कोरलेले दगड, सत्तेचाळीस. साचा माझा, अक्षरं माझी. रोवायचे बाकी.
खाडीच्या बांधात जिथे उघाडी आहे, म्हणजे ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर सोडायचं दार, त्यावर बांबूचा साकव. साडेअकरा फूट.
हे घर. गवंडी फक्त स्लॅबला लावला होता.

शाळा सातवीपर्यंत. कोणाच्या हाताखाली शिकलो नाही.

सगुणाने मागे उभं राहून वाचलं. म्हणाली, "यात नेत्रा न्हाय लिवली." म्हटलं, मुलगी एकट्याने केलेली नाही. "मंग घर तरी एकट्यानी केलंव? माती कोनी वाहिली?" खोडणार नाही. शाई सुकली आहे.

५ जानेवारी

डिसेंबरात दुकानात आलेल्या सायकली अकरा. दुरुस्तीला सात, चार विकायलाच. चिंचखारमध्ये आता पाव आणायलाही मोटारसायकल काढतात. तरणी पोरं न्हावा शेव्याच्या बंदरात ट्रेलरवर. हमरस्त्यावर सायकल घेऊन जाणारा गावातला शेवटचा माणूस भिकू. तो तीन वर्षं कुबडीवर आहे.

म्हणजे धंदा संपला आहे. हे मला कळतं. लोकांना वाटतं मला कळत नाही.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत फ्रान्सचं एक जोडपं आलं होतं, दोघंही साठीचे, सायकलींवर बिऱ्हाड. बाईच्या मागच्या चाकाच्या तीन तारा तुटलेल्या. त्या मापाच्या तारा आपल्याकडे मिळत नाहीत. मोटारसायकलच्या तारा कापून, आटे पाडून बसवल्या आणि आउट काढला तो अर्ध्या मिलिमीटरच्या आत. नवरा चाक फिरवून बराच वेळ बघत राहिला. नेत्रा सुट्टीवर होती, तिच्या फोनने भाषांतर करत बोलणं झालं. त्यांच्या देशात जुने कालवे आहेत. काठाने पूर्वी घोडे चालायचे, दोरीने होड्या ओढत. घोडे गेले, वाट राहिली. ती आता फक्त सायकलींना. शेकडो मैल एकही मोटार नाही, खेड्याखेड्यांतून, द्राक्षांच्या मळ्यांतून. मुक्काम, जेवण, दुरुस्ती, सगळं गाववाले बघतात आणि त्यावर गावं जगतात.

नंतर त्यांनी पोस्टाने नकाशाचं पुस्तक पाठवलं. लाल रेघ मोटारीची, हिरवी सायकलीची. त्यातला एक फोटो दुकानात लावला आहे.

मी त्यात एवढंच बघितलं: एका बाजूला पाणी, एका बाजूला शेत, मधून उंच वाट. हे तर आमच्या दाराशी पडलेलं आहे.

१९ जानेवारी

मोजचाकाने पूर्ण वाट मोजली, दोनदा. दुसऱ्या वेळी फरक अकरा मीटर आला, तो वळणांचा. एकूण एकतीस किलोमीटर सहाशे. खाडीच्या बांधावरून नऊ किलोमीटर चारशे, पुढे शेतांमधली गाडीवाट, मग चौलच्या नारळी-सुपारीच्या वाड्यांमधल्या गल्ल्या, शेवट रेवदंड्याच्या पुळणीवर. मोटारीचा रस्ता फक्त दोनदा आडवा येतो. दोन्ही मिळून चौसष्ट मीटर.

असं आपल्याकडे दुसरं कुठे असेल तर दाखवावं.

अडचण एक. आमच्या गावासमोर खाडी वळते, तिथे तीनशे चाळीस मीटर बांध बाकीच्यापेक्षा उंच आणि वर निमुळता आहे. गावात त्याला म्हशीची पाठ म्हणतात. माथा पावणेतीन फूट, तोही गोलवट. सामान लादलेली सायकल तिथे चालवता येत नाही, उतरून ढकलावी लागते. समोरून दुसरी आली तर एकाने शेतात उडी मारायची. बाकी सगळ्या वाटेवर पाय टेकायची गरज नाही, फक्त इथे.

१२ फेब्रुवारी

आज माघी पुनवेचं उधाण. सकाळपासून पाठीवर बसलो होतो, पाण्याची लेव्हल नळी आणि टेप घेऊन. पाणी पुरतं चढून उतरायला लागलं त्या क्षणी खूण केली. पाण्यापासून माथ्यापर्यंत सव्वीस इंच कोरडं.

सव्वीस इंच म्हणजे दोन फूट दोन इंच. एवढी माती तिथे नुसती पडून आहे.

फ्रान्सच्या फोटोत पाण्यापासून वाट हातभरच उंच आहे. भिंग लावून बघितलं. उंचीची गरज लोकांना वाटते तेवढी नसते.

१४ फेब्रुवारी

हिशेब बसला. बांधाचे दोन्ही उतार पंचेचाळीस अंशांचे आहेत. म्हणजे वरून एक इंच माती उतरवली की माथा दोन इंच रुंद होतो. नऊ इंच उतरवली की अठरा इंच. पावणेतीन फुटांचा सव्वाचार फूट. दोन सायकली हँडलला हँडल न लागता जातात. एक टोपलं माती बाहेरून आणायला नको. सव्वीसातून नऊ गेले, सतरा इंच शिल्लक. पुष्कळ.

हे कोणा इंजिनिअरने काढलं असतं तर पेपरात आलं असतं.

आमच्याकडे बांधाचे वाटे आहेत. ज्याच्या शेतासमोर जेवढा बांध तेवढा त्याचा, त्याने दर चैत्रात त्यावर खाडीतली चिकणमाती चढवायची. आता कोणी चढवत नाही. म्हशीच्या पाठीत वाटे दोन, माझा आणि आमच्या थोरल्या भावाचा. भाऊ गेला, त्याचा वाटा केसर वहिनीकडे. बांधामागची दीड एकर खार, म्हणजे खाडीकडून मिळवलेली भातजमीन, ती एकटी लावते. तिचा प्रणय ट्रेलरवर आहे, उलव्याला राहतो, आईला नेतो म्हणतो. ती जात नाही. म्हणते, भात कोन बघंल.

संध्याकाळी तिच्याकडे गेलो, वही दाखवली. ती भाकऱ्या थापत होती.

"मना त्यातलं काय कलतंय, भावजी? पानी येनार न्हाय ना?"

"सतरा इंच राहतात, वहिनी. मोजलंय."

"तुमी मोजलंव म्हंजे बरोबरच असंल."

तिने भाकरी उलटली. परवानगी मिळाली.

२ मार्च

काम सुरू. मी, आणि मजुरीवर दोन आदिवासी गडी. वर हरळी इतकी घट्ट की कुदळ उडते. आधी हरळी सोलून काढावी लागली. खालची माती काळी, चिवट, पोळीसारख्या थरांची. दर वर्षीचा थर वेगळा दिसतो. एका ठिकाणी मी त्रेचाळीस मोजले.

अकरा वाजता चंदरनाना आले. वय सत्तरच्या पुढे. पूर्वी कुठे बांध फुटला की तीन गावांतून त्यांना बोलावणं यायचं. काठी टेकून उभे राहिले. मग म्हणाले, "हिरामन, हरली कुठं टाकलीस?"

"उतारावर."

"आनी पाठ का काढतंस?"

मी वही उघडली, सव्वीस वजा नऊ दाखवलं.

"ह्ये कदी मोजलंस?"

"माघी पुनवेला."

"माघातलं पानी मोजून आषाढाचं सांगतंस व्हय? इथं खाडी वलते. वलनावर पानी उबं ऱ्हातंय. ही पाठ कोनी हौशीनं न्हाय केली."

"नाना, उंची किती पाहिजे ते सांगा. आकडा सांगा."

"आकडा मना न्हाय सांगता यायचा."

मग काय बोलणार. ज्याला आकडा सांगता येत नाही त्याच्याशी कसं बोलायचं. गडी हसत होते. नाना गेले.

रात्री झोप नीट लागली नाही. हेही लिहितो, कारण वही खरी पाहिजे. पण आकडा तोच येतो.

१६ मार्च

पाठ सपाट झाली. लेव्हल नळीने दर पाच मीटरवर तपासलं. तीनशे चाळीस मीटरमध्ये जास्तीत जास्त फरक पाव इंच. सायकलवरून हात सोडून गेलो. सगुणाला बोलावलं बघायला. ती म्हणाली, "टेबलासारकं झालंय." आणि खाडीकडे बघत राहिली. मी विचारलं, काय. म्हणाली, "काय न्हाय. पयले इथून पानी दिसत नव्हतं."

आता दिसतं. तेच तर पाहिजे होतं.

२२ एप्रिल

सत्तेचाळीस दगड रोवून झाले. अंकांना लाल रंग, बाणांना पांढरा. पाठीवर क्रमांक एकोणीस ते तेवीस. गावाकडून बांधावर चढतो त्या वाटेवर पाच सिमेंटचे खांब गाडले, मध्ये दोन फूट दोन इंच. सायकल जाते, मोटारसायकल अडते, रिक्षाचा तर प्रश्नच नाही. खाली दीड फूट काँक्रीट. उपटून दाखवावेत.

नेत्राने वाट फोनच्या ॲपवर चढवली. ती न्हावा शेव्याला कंटेनरच्या ऑफिसात आहे. म्हणाली, "पप्पा, नाव काय देऊ?" म्हटलं, चिंचखार ते रेवदंडा, बिनमोटारीची. "कॅची नाहीये." असू दे. खरं आहे.

ठाण्याच्या दिपेशचा सायकल क्लब रविवारी येतो आहे. बावीस माणसं. सगुणा तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी करणार. वहिनी तिच्या हाताखाली.

२७ एप्रिल

बावीस येणार होते, सात आले. दिपेश म्हणाला, काका, ऐन वेळी लोक टांग मारतात, आमच्याकडे असंच असतं. आमच्याकडे असं नसतं.

वाट मात्र चालली. पाठीवर दोघं-दोघं शेजारून गेले, बोलत. चौलच्या वाड्यांत शिरल्यावर एक बाई म्हणाली, इतकी सावली मी वर्षभरात अंगावर घेतली नाही. हे वाक्य मी तिथेच उतरून लिहून घेतलं. दिपेश मात्र दर दोन किलोमीटरला विचारत होता, काका, इथे कॅफे काही? रेवदंड्याला पोचलो तेव्हा एकूण तीन पंक्चर, तिन्ही मी काढली. एकाने गिअर बघायला दिला, त्याचीही केबल ताणून दिली. पैसे नाही घेतले.

जाताना दिपेश म्हणाला, जूनमध्ये मॉन्सून राईड करू, पन्नास जण आणतो. मी लिहून घेतलं, पण त्याचा चेहरा बघून कळलं होतं.

भाकऱ्या एकोणतीस उरल्या. वहिनी म्हणाली, "आनखी येतील, भावजी. रस्ता म्हायती व्हायला वेल लागतो." तिच्याएवढा विश्वास माझा नाही.

१८ मे

कोणी नाही. दिपेश फोन उचलत नाही. रोज सकाळी मी एकटा सतरा नंबरच्या दगडापासून तीस नंबरपर्यंत जाऊन येतो. माथ्यावर भेगा पडल्या आहेत, बोट जाईल अशा. हरळी होती तेव्हा भेगा दिसत नव्हत्या. खेकड्यांची बिळं सहा. बुजवली.

काल वाट अडवून एक म्हातारी उभी होती, डोक्यावर मासळीची पाटी. म्हणाली, बरी केलीस रे वाट. वर्षभरात गावातलं मिळालेलं हे एकच शाबासकीचं बोलणं. तीही शेजारच्या गावची.

७ जून

पाऊस लागून बारा दिवस. सायकल पाठीवर रुतते. चाकाच्या चाकोऱ्या दीड इंच खोल, त्यात पाणी साठतं. गोलवट माथा होता तेव्हा पाणी दोन्हीकडे निघून जायचं, हे आता लक्षात आलं. दोन्हीकडे थोडा ढाळ द्यायला हवा होता. दिवाळीनंतर देईन.

वहिनीने राब पेरला. रोप बोटभर वर आलं आहे.

२५ जून

अमावस्या. भरती दुपारी. पाठीवर उभा होतो. कोरडं राहिलं चार इंच.

सतरा यायला हवे होते. टेप बदलून परत मोजलं. चारच.

उद्या पाणी आणखी चढतं. सगुणाला सांगितलं नाही. चंदरनानांच्या घरापर्यंत गेलो. ते पडवीत जाळं विणत होते. त्यांनी बघितलं. मी तिथूनच परत आलो.

२६ जून

घडलं तसं लिहितो.

पावणेबाराला बांधावर गेलो. वारा दक्षिणेचा, खाडीत लाटा. साडेबाराला पाणी माथ्याला लागलं. पाऊण वाजता क्रमांक वीस आणि एकवीसच्या मध्ये पहिल्यांदा पाणी वरून गेलं. भाकरीवर पाण्याचा हात फिरवतात तेवढंच पातळ. मी पोत्यात माती भरून ठेवली होती, चौदा पोती. ती टाकली. पाणी त्यांच्या शेजारून गेलं. सपाट होतं ना, जिकडेतिकडे सारखंच. कुठे अडवायचं तेच ठरेना.

वहिनी राबातून धावत आली. डोक्यावर चिखलाचं घमेलं. ते ओतलं, परत गेली, परत आणलं. सहा घमेली मी मोजली. आतला उतार मऊ झाला होता, एक वाजून दहा मिनिटांनी तो खाली बसला. आवाज मोठा नव्हता. मी ओरडलो, वहिनी, मागे व्हा.

ती मागे झाली. रिकामं घमेलं हातात. म्हणाली, "भावजी, तुमी सतरा इंच म्हनालाव."

खांड, म्हणजे बांधातलं भगदाड, पडली तेव्हा नऊ फूट होती. ओहोटी लागेपर्यंत चौतीस. राबावर कमरेएवढं खारं पाणी. तिचा राब, माझा राब आणि मागच्या बावीस घरांचे.

२७ जून

आमच्यात रीत आहे. ज्याच्या वाट्यात खांड पडते, बांध बुजेपर्यंत सगळ्या गावाचं जेवण त्याच्या घरचं. भांडण असो, वैर असो, माती टाकायला प्रत्येक घरचं एक माणूस येतं आणि त्या घरी जेवतं.

सगुणाने पहाटे मोठं पातेलं काढलं. खांड नेमकी दोन वाट्यांच्या हद्दीवर, म्हणून वहिनीही आली तांदूळ घेऊन. मी म्हटलं, वहिनी, तुमचं नको. ती म्हणाली, "वाटा माजा पन हाय."

माती टाकायला त्रेसष्ट माणसं आली. निम्मी साठीच्या पुढची. तरणे ट्रेलरवर. ओहोटीच्या पाच तासांत जेवढं टाकलं तेवढं पुढच्या भरतीने नेलं. चंदरनाना काठावर बसून सांगत होते, इथं बांबू ठोका, तिथं पेंढा. माझ्याकडे बघून त्यांनी एकदाही काही सांगितलं नाही.

दुपारी सगळे अंगणात जेवले. वाढायला मी होतो. कोणी मीठ मागितलं नाही, कोणी पाणी मागितलं नाही. हात धुऊन गेले. कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२८ जून

कारणं लिहून ठेवतो.
एक, खेकड्यांची बिळं.
दोन, खाडीतून जाणाऱ्या बार्जेसच्या लाटा.
तीन, दक्षिणेचा वारा.
चार, बांधांच्या सरकारी खात्याने बांधाला किती वर्षांत हात लावला नाही ते.
पाच, वाटेकऱ्यांनी चैत्रात माती चढवणं सोडलं.

सहा म्हणून आकडा घातला होता. पुढे लिहिलं नाही.

जेवायला एकवीस.

३ जुलै

परवा खात्याने पोकलेन पाठवला. तो गावाच्या वाटेने बांधाकडे वळला आणि माझ्या पाच खांबांशी थांबला. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "ये किसने लगाया?" सगळे माझ्याकडे बघत राहिले. मी घरून घण आणला. दीड फूट काँक्रीट आहे, एका खांबाला वीस मिनिटं लागली. दुसऱ्याच्या वेळी ड्रायव्हरने मला बाजूला केलं आणि मशीनने चारही उपटले. चार मिनिटं.

नंतर मशीन दीडशे मीटरवर रुतलं. बांधावर त्याला जायला जागा नाही, शेतात चिखल. आज दुसरं मशीन आणून ते ओढून काढलं. म्हणाले, आता पाऊस संपल्यावर.

जेवायला चार. त्यात चंदरनाना.

९ जुलै

पंचनामा. खात्याचे साहेब, तलाठी, सरपंच. खांड आता एकाहत्तर फूट.

साहेबांनी विचारलं, "इथे बांधाच्या माथ्याची उंची किती होती? कोणी सांगू शकेल?"

पंधरा-वीस माणसं होती. सगळ्यांना ठाऊक आहे की या गावात दाराची चौकट किती इंच, विहिरीचा कठडा किती इंच, हे विचारायचं तर कोणाला. वही माझ्या पिशवीत होती. दर पाच मीटरची उंची, आधीची आणि नंतरची, तारखेसह.

मी म्हणालो, "तुमच्या कागदावर असेल."

साहेबांनी लिहिलं: उंची अज्ञात. उधाणामुळे नैसर्गिक नुकसान. तलाठी म्हणाला, असं लिहिलं तर निदान भरपाईला बसतं. म्हणजे माझ्या गप्प बसण्याने गावाचं भलंच झालं, असं म्हणता येईल. घरी येईपर्यंत मी तसं म्हणत होतो.

२० जुलै

दोन सायकलवाले आले, मुलगा आणि मुलगी, पंचविशीचे, फोन बघत. नेत्राला वाट ॲपवरून काढायला सांगायचं राहिलं होतं. विसाव्या दगडापर्यंत गेले आणि परत आले. मुलगा म्हणाला, "अंकल, बाण पाण्यात जातोय." मी सांगितलं, वाट बंद आहे. मुलगी म्हणाली, किती वेळ? तिच्या सायकलच्या पुढच्या चाकाला आउट होता, दोन मिलिमीटर. तो काढून दिला.

खांडीतून आता दिवसातून दोनदा खाडी आत येते आणि जाते. वहिनीच्या खारीत कोळंबी दिसते.

२७ जुलै

प्रणय टेम्पो घेऊन आला. वहिनी उलव्याला चालली. सामान थोडं. भांडी, एक पत्र्याची पेटी, भाताच्या बियाण्याचं पोतं. प्रणय म्हणाला, आई, बी कशाला, तिसऱ्या मजल्यावर कुठे पेरणार. ती म्हणाली, असू दे.

खारं पाणी गेलेल्या जमिनीत भात यायला तीन वर्षं लागतात, तेही खांड बुजल्यापासून. ती अठ्ठावन्न वर्षांची आहे. प्रणय माझ्या पाया पडला नाही. दर वेळी पडतो.

टेम्पोत बसण्याआधी ती म्हणाली, "भावजी, ते तुमचं घंटीवालं चाक हाय ना. खांड किती झाली, मोजून सांगताव का?"

"कशाला, वहिनी?"

"इचारतील तितं. कितीशी फुटली म्हनून. मना सांगता याला पायजे."

चाक तिथे चालत नाही. विसाव्या दगडाला दोरी बांधून, पोहत पलीकडे नेऊन मोजली. एकशे बारा फूट. येऊन सांगितलं. तिने दोनदा म्हणून बघितलं, एकशे बारा, एकशे बारा, पाठ होईपर्यंत. मग टेम्पो गेला.

३ ऑगस्ट

आज दुकान उघडलं नाही. सगुणा कालपासून माहेरी आहे, तिच्या भावाकडे. परत येते म्हणाली, कधी ते विचारलं नाही. नेत्राने फोनवर सांगितलं की वाट ॲपवरून काढली.

वही पहिल्यापासून वाचली. आकडे सगळे बरोबर आहेत. एका दिवसाची नोंद मात्र नाही, ती करतो. २३ एप्रिल, बुधवार.

सकाळी साडेदहाला चंदरनाना दुकानात आले. बाकावर बसले, चहा नको म्हणाले. म्हणाले, "पंधरा गडी सांगून ठेवलेत. मजुरी कोनालाच नको, बांद सगल्यांचा हाय. खाडीतून चिखल आनाला होडी लागंल, तिचं भाडं आनी गड्यांचा चा-पाव, तेवडं तू दे. चार दिसांत पाठ व्हती तशी चडवून देतो, वर हरली लावून."

मी म्हणालो, नाना, रविवारी लोक यायचे आहेत, आता चिखल नको.

ते म्हणाले, "मंग आयतवारच्या नंतर करू."

मी म्हणालो, नंतरही नको.

साडेचार हजार रुपये मागत होते.